कांद्याची टरफलं, डाळिंबाची साल आणि दोनशे ग्रॅम कापड

शेंगांची टरफलं न उचलणाऱ्या टिळकांची गोष्ट आपण शाळेत ऐकली. कापड रंगवायचं असेल तर मात्र टरफलं उचलावीच लागतात, तीही दुसऱ्यांनी टाकलेली. मी पहिल्यांदा मंडईत विचारलं, "मावशी, कांद्याची टरफलं ठेवाल का माझ्यासाठी?" तेव्हा मावशींनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, टरफलं काय करायचीत? कांदा घे की!" आता त्या गोणीच्या तळाशी उरलेला सगळा पापुद्रा पिशवीत भरून ठेवतात आणि वर दोन कांदेही गळ्यात मारतात.

रंगाईला नव्यानेच हात घालणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. एकच कापड, दोन-तीन प्रकारचा ओला-सुका कचरा, घरातला गॅस आणि चार-पाच दिवस एवढ्यात जमेल असं. आधीच सांगते, रंगाचं भांडं हा यातला सर्वांत सोपा भाग आहे. रंग बसतो की दोन धुण्यांत जातो, हे ठरतं त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत. नवशिके नेमका तोच भाग उरकून टाकतात. मीही उरकला होता. नवा कोरा टेबलक्लॉथ नुसता पाण्यातून काढून थेट उकळत्या रंगात टाकला. कापडावरची गिरणीची खळ तशीच होती. बाहेर आलं ते ढगाळ आभाळासारखं, कुठे गडद, कुठे पांढरं. ते आजही घरात आहे, पोळ्या गुंडाळायला.

काय गोळा करायचं

कांद्याची सर्वांत बाहेरची कोरडी, लालसर टरफलं. त्यात क्वेरसेटिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. पांढऱ्या कांद्याची टरफलं जवळजवळ निरुपयोगी. काळी बुरशी धरलेली बाजूला काढा, आणि हे निवडायचं काम गच्चीत किंवा अंगणात करा. ती काजळी नाकात गेली की दिवसभर शिंका. टरफलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका, कापडी पिशवीत टांगा. ती वजनाला इतकी हलकी असतात की 150 ग्रॅम म्हणजे चांगली फुगलेली मोठी पिशवी होते. घरच्या कांद्यावर एवढी जमायला महिने लागतील, म्हणून मंडई, खानावळ किंवा वडापावची गाडी गाठा.

डाळिंबाची साल रसवाल्याकडे मिळते. आतला पांढरा पडदा, चुकार दाणे काढून टाका, बोटभर तुकडे करा आणि कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा. तुकडा वाकवला की कट्‌कन मोडला पाहिजे. मग खलबत्त्यात भरड कुटा. हिच्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, त्यामुळे ही साल एकटीच रंग आणि रंगबंधक अशी दोन्ही कामं बऱ्यापैकी करते. नवख्या माणसाला मी पहिल्यांदा हीच घ्यायला सांगते.

तिसरा झेंडू. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मंडईबाहेर न विकलेला झेंडू ढिगाने पडलेला असतो. तोरणं, माळा उतरवल्या की घराघरातलाही. दोरा, तार, आंब्याची पानं काढून फक्त पाकळ्या घ्या आणि सावलीत वाळवा. देवळातलं निर्माल्य घेणार असाल तर गुलाल-कुंकू लागलेली फुलं वगळा, नाहीतर पिवळ्यात कुठून तरी गुलाबी ठिपके उमटतात आणि ते नैसर्गिक नसतात.

आता काय घ्यायचं नाही. बीट, जांभूळ, जास्वंद, लाल माठ. पाणी इतकं सुंदर रंगतं की मोह होतो, पण सुती कापडावर त्यातलं काही टिकत नाही. आणि हळद. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावला की लाल होतो आणि उन्हात टाकला की जातो, हे आपल्या आया-आज्यांना पक्कं माहीत आहे. जो डाग उन्हाने घालवता येतो, त्याच्या भरवशावर साडी रंगवायची नाही.

कापड आणि वजन

सुरुवात सुती कापडाने करा: मांजरपाट, मलमल, खादी. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला तरी एक धागा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळतं, मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरवर हे रंग बसत नाहीत. तयार कुर्ता रंगवलात तर कापड पिवळं होतं आणि शिवण पांढरीच राहते, कारण शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पॉलिस्टरचा असतो. मला ती पांढरी टीप आवडते, पण आधी माहीत असलेली बरी.

इथून पुढचं सगळं माप कोरड्या कापडाच्या वजनावर चालतं. मूठ, वाटी, अंदाज नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. आपण 200 ग्रॅमचं कापड धरू, म्हणजे साधारण एक मोठा मलमलचा दुपट्टा. त्याला लागेल: धुण्याचा सोडा 8 ग्रॅम, हिरड्याची पूड 40 ग्रॅम (20 टक्के), तुरटी 30 ग्रॅम (15 टक्के), आणि रंगासाठी कांद्याची टरफलं 150 ग्रॅम किंवा डाळिंबाची सुकी साल 100 ग्रॅम किंवा झेंडूच्या सुक्या पाकळ्या 100 ग्रॅम. पाणी दर वेळी सहा लिटर. कापड भांड्यात मोकळं फिरलं पाहिजे. दाटीवाटी झाली की घडीच्या जागी पट्टे उठतात.

हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ भागात तो गोळा करणं हे अनेक आदिवासी कुटुंबांचं उन्हाळ्यातलं उत्पन्न आहे. अख्खा मिळाला तर बी काढून कुटा. तुरटी दाढीनंतर फिरवतात तीच, पण खडा कुटून पूड करताना नाकाला रुमाल बांधा.

भांडं दहा लिटरचं स्टीलचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही. लोखंडी कढई किंवा बिडाचं भांडं चालणार नाही. का ते पुढे येईल. लाकडी दांडा, गाळायला जुनं धोतर, रबरी हातमोजे, झालं.

पाण्याचं एक राहिलं. बोअरचं पाणी लोहाचं असेल तर पिवळा रंग मळकट येतो. कच्छमध्ये 2001च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं आणि अजरख छापणाऱ्या अनेक खत्री कुटुंबांनी उठून अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाण्यापायी गाव बदलणारी माणसं आहेत. आपण निदान नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घेऊ. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी वापरायचा मोह टाळा, त्यात क्षार एकवटलेले असतात.

पहिला दिवस: धुणं

सहा लिटर पाण्यात सोडा आणि थोडा साधा धुण्याचा साबण किसून घाला, कापड बुडवा आणि मंद आचेवर तासभर उकळू द्या. कोऱ्या मांजरपाटाचं पाणी चहासारखं होतं. ते ओतून द्या. मांजरपाट असेल तर दुसऱ्यांदा उकळा. मग साध्या पाण्यातून तीन-चार वेळा काढा.

झालं का ते कसं कळणार? सुकलेल्या कापडावर बोटाने पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर अजून खळ किंवा मेण आहे. पडताक्षणी पसरला तर कापड तयार. हे एक मिनिटाचं काम आहे आणि माझ्या त्या टेबलक्लॉथचं जे झालं ते यानेच टळलं असतं.

दुसरा-तिसरा दिवस: हिरडा आणि तुरटी

सूत हे मुळात रंगाला फारसं विचारत नाही. लोकर-रेशमासारखं ते रंगाला आपणहून धरत नाही. म्हणून आधी त्याला टॅनिन पाजायचं, टॅनिनला तुरटीतला ॲल्युमिनियम चिकटतो आणि ॲल्युमिनियमला रंग. तीन कड्यांची साखळी आहे. मधली कडी गाळली की रंग येतो, पण नळाखाली धरलात की निघून जातो.

हिरड्याची पूड थोड्या गरम पाण्यात कालवा, गुठळ्या मोडा, सहा लिटर कोमट पाण्यात मिसळा आणि वस्त्रगाळ करा. ओलं कापड त्यात रात्रभर ठेवा, मध्ये दोन-तीनदा वरखाली करा. सकाळी पिळा आणि न धुता वाळत घाला. ते फिकट पिवळट, खाकीकडे झुकणारं दिसेल, घाबरू नका. झेंडूचा लख्ख पिवळा हवा असेल तर हिरडा अर्धा, म्हणजे 20 ग्रॅमच घ्या, नाहीतर खालचा खाकी वर डोकावतो. डाळिंबाची साल वापरणार असाल तर हिरडा नाही घातला तरी चालतं.

पूर्ण वाळल्यावर तुरटी. 30 ग्रॅम पूड आधी पेलाभर उकळत्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग सहा लिटर कोमट पाण्यात ओता. कापड पुन्हा रात्रभर. सकाळी पिळून एकदाच साध्या पाण्यातून काढा; न काढल्यास वर बसलेली सुटी तुरटी रंगाच्या भांड्यात उतरते आणि रंग कापडाऐवजी पाण्यातच गोठतो. सावलीत वाळवा. दोन दिवस तसंच ठेवायची सवड असेल तर अधिक चांगलं.

तुरटीचं उरलेलं पाणी ओतू नका. अजून निम्मा-अधिक माल त्यात असतो. पुढच्या कापडाला नव्याने 15 ग्रॅम घालून तेच चालवा. कचऱ्यापासून रंग म्हणून मिरवायचं आणि दर वेळी सहा-सहा लिटर पाणी मोरीत सोडायचं, याला काही अर्थ नाही.

रंगाचं भांडं

टरफलं आदल्या रात्री भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात तासभर उकळा. झाकण ठेवा, गॅस वाचतो. पाणी गडद, जवळजवळ विटकरी होईल आणि घरभर मिसळीच्या रश्शाच्या आधीचा वास सुटेल. डाळिंबाची भरडही अशीच. झेंडूच्या पाकळ्यांना अर्धा तास पुरे, जास्त उकळल्या तर रंग तपकिरीकडे जातो.

गाळा. नीट गाळा. पापुद्र्याचा एखादा तुकडा राहिला आणि कापडाला चिकटला की त्या जागी त्याच आकाराचा डाग उठतो. (काही जण मुद्दाम तसे उठवतात, तो वेगळा खेळ आहे.)

पाणी कोमट होऊ द्या. तुरटीचं कापड साध्या पाण्यात भिजवून, पिळून, एका दमात सगळं आत सोडा. आता आच मंद, आणि पहिली वीस मिनिटं भांड्यापासून हलायचं नाही. फोन नाही, कुकर नाही. कापड सतत वरखाली करत राहायचं, कारण रंग सगळ्यात जास्त याच वेळात धरतो आणि जिथे घडी तिथे कमी धरतो. पाणी उकळू द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे दिसतील एवढंच, साधारण 80 ते 85 अंश. एकूण पाऊण तास. मग गॅस बंद करून कापड त्याच पाण्यात निवू द्या, जमल्यास रात्रभर.

कांद्याने सोनेरी ते गडद मोहरी रंग येतो, डाळिंबाने फिकट मोहरी, झेंडूने स्वच्छ पिवळा. ओलं कापड नेहमी गडद दिसतं, सुकल्यावर दोन पायऱ्या उतरतं. म्हणून रंग ठरवायचा तो सुक्या कापडावर.

एप्रिल-मेमध्ये गॅसशिवायही जमतं. रंगाचं पाणी एकदा उकळून काढलं की काचेच्या मोठ्या बरणीत ते आणि कापड घालून पाच-सहा दिवस गच्चीवर ठेवायचं, रोज हलवायचं. विदर्भातल्या उन्हात तर बरणीला हात लावता येत नाही. रंग थोडा कमी गडद येतो, पण छोट्या रुमालांना मी आता हेच करते.

लोखंडाचं पाणी

या सगळ्या उद्योगात माझा जीव कशात असेल तर इथे. वेगळ्या बादलीत सहा लिटर पाणी, त्यात 2 ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट), म्हणजे कापडाच्या एक टक्का. डाळिंबाचं पिवळं ओलं कापड आत सोडा आणि बघत राहा. पहिल्या क्षणी काही होत नाही. मग कडेपासून हिरवट झाक चढते, ती राखाडी होते, आणि दोन-तीन मिनिटांत हातातल्या पिवळ्या कापडाचं पावसाळी ढगाच्या रंगाचं कापड झालेलं असतं. टॅनिन आणि लोह भेटले की काळं होतं. हिरडा आणि हिराकस घालून जुनी शाई करायचे ती याच युक्तीवर. कांद्याचं कापड मेंदीच्या हिरव्याकडे जातं, झेंडूचं शेवाळी होतं.

पाच मिनिटांवर ठेवू नका. लोह जास्त झालं तर कापड काही महिन्यांत कुजतं, घडीवर फाटतं. म्हणून दोन टक्क्यांच्या वर कधीच नाही. बादली, दांडा, हातमोजे सगळं वेगळं ठेवा, कारण या पाण्याचा एक थेंब पिवळ्या कापडावर उडाला तर तिथे कायमचा करडा ठिपका. मघाशी लोखंडी कढई नको म्हटलं ते याचसाठी.

हिराकस विकत घ्यायची नसेल तर अजरख छापणाऱ्यांची पद्धत घ्या: गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात पंधरा दिवस आंबवायचं, वर फेस येऊन पाणी काळपट झालं की गाळायचं. वास भयंकर येतो. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते आधी पाहा. याची ताकद मोजता येत नाही, म्हणून कपभर पाण्यापासून सुरुवात करून चिंधीवर बघत वाढवायचं.

काही जुन्या कृतींत मोरचूद किंवा क्रोमची संयुगं सांगितलेली असतात. रंग सुंदर येतात हे खरं, पण ते पाणी शेवटी कुठे जाणार? मी दोन्ही वापरत नाही. आणि विकायला काढलंत तर "केमिकल-फ्री" असं लिहू नका. तुरटी आणि हिराकस ही रसायनंच आहेत. कांद्याच्या टरफलांत, तुरटीवर रंगवलं, एवढं सरळ सांगितलं की पुरतं.

धुणं आणि तपासणं

रंगवलेलं कापड आधी सावलीत वाळवा, एक-दोन दिवस तसंच ठेवा आणि मग धुवा. ओलंच धुतलं तर जास्त रंग जातो. धुवायला रिठ्याचं पाणी उत्तम: पाच-सहा रिठे फोडून, बी काढून भिजवायचे, कुस्करायचे, गाळायचे. बाजारची पावडर आणि सोडा अल्कधर्मी असतो, त्याने कांद्याचा पिवळा नारिंगीकडे सरकतो. पहिल्या धुण्यात थोडा रंग जाणारच, तो न धरलेला रंग असतो. तिसऱ्या धुण्यालाही पाणी पिवळं झालं तर हिरडा किंवा तुरटीत काहीतरी चुकलं आहे.

कोणाला भेट देण्याआधी किंवा विकण्याआधी दोन चाचण्या कराच. कापडाच्या तुकड्याला पांढरी चिंधी टाचून धुवा. चिंधीला रंग लागला तर तो इतर कपड्यांनाही लागेल. दुसरा तुकडा अर्धा जाड पुस्तकाखाली आणि अर्धा बाहेर असा दहा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. कांदा आणि झेंडू दोन्ही उन्हाला कच्चे आहेत, फरक दिसेलच. म्हणून यांचे पडदे करायचे नाहीत. दुपट्टा, उशीचा अभ्रा, बाळाची दुपटी यांना चालतं. लोखंडाच्या पाण्यातून काढलेला करडा बराच जास्त टिकतो.

उरलेल्या रंगाच्या पाण्यात दुसरं कापड टाका, फिकट पण गोड छटा येते, तिसऱ्यांदा रुमाल. चोथा खताच्या खड्ड्यात किंवा कुंडीत, फक्त आधी थोडा वाळवून. तुरटीचं अगदी शेवटचं पाणी भरपूर पाणी मिसळून सोडा, तुळशीच्या कुंडीत नको.

शेवटचा हात

रंगानंतर कापडाला जे अंग द्यायचं, त्यातही कचरा कामी येतो. डाळिंबाच्या सालीतल्या टॅनिनमुळे जिवाणूंची वाढ मंदावते, उन्हातले अतिनील किरणही काही प्रमाणात अडतात, हे प्रयोगशाळांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे रंगवताना हे दोन गुण फुकटात मिळतात, धुण्यागणिक कमी होत जातात एवढंच. औषधी कापड वगैरे म्हणून विकू नये.

केळीचं उदाहरण याहून चकित करणारं आहे. घड उतरवला की खुंट तोडून बांधावर टाकतात. मुंबईत माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी टॅनिन आणि तुरटी दिलेलं सुती कापड या खुंटाच्या रसात बुडवून पाहिलं. साधं सूत जळत राहायला हवेत सुमारे 18 टक्के प्राणवायू पुरतो, त्या कापडाला 30 टक्क्यांच्या आसपास लागला. आपल्या हवेत तो 21 टक्के असतो, म्हणजे ते कापड पेट घेऊन जळत राहायला तयार नाही. घरी करून पाहायला हरकत नाही, पण त्या भरवशावर स्वयंपाकघराचा पडदा शिवू नका; घरच्या रसाची ताकद मोजलेली नसते.

रोजच्यासाठी मात्र भाताची पेज. पातळ काढायची, वस्त्रगाळ करायची, एका वाटीला चार वाट्या पाणी. धुतलेलं ओलं कापड बुडवून पिळायचं, सावलीत वाळवायचं आणि थोडं दमट असतानाच उलट्या बाजूने इस्त्री फिरवायची. कडकपणा येतो, रंग उठून दिसतो. मात्र खळ घातलेलं कापड महिनोन्‌महिने कपाटात ठेवू नका, कसर लागते. ठेवायचंच असेल तर पेज धुऊन काढा आणि घडीत सुकी कडुनिंबाची पानं घाला.